विद्यार्थ्यांच्या मंगळ-रोव्हरमध्ये शाश्वतता नेमकी कुठे असते?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची तिसऱ्या वर्षाची टीम मंगळ-रोव्हरच्या स्पर्धेची तयारी करते आहे. अहवालात शाश्वततेला वेगळे गुण आहेत. म्हणून त्यांनी असं ठरवलंय की सांगाडा केळीच्या धाग्याच्या काँपोझिटचा (धागा राळेत, म्हणजे रेझिनमध्ये, बसवून केलेल्या सामानाचा) करायचा, वर सोलर पॅनल बसवायचं आणि बाकीचे भाग 'बायो' म्हणून विकल्या जाणाऱ्या पीएलए प्लास्टिकमध्ये थ्री-डी प्रिंट करायचे. हे पुरेल का, आणि खानदेशात बसून यात आपलं असं काय करता येईल, असा त्यांचा प्रश्न आहे. शेवटी सहज एक ओळ जोडली आहे: 'सीनियरांचा जुना रोव्हर स्टोअररूममध्ये पडून आहे, पण त्यातलं काही चालू नाही.'

मी जळगावला यंत्रं बांधण्याच्या धंद्यात आहे. पाइप कापणारी, पॅकिंग करणारी, डाळमिलला लागणारी छोटी स्वयंचलित यंत्रं आमच्याकडे होतात. सोबत बरीच वर्षं जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या रोबोटिक्स टीमना हात देत आलोय. परग्रहावरच्या मोहिमांबद्दल खाली जे आहे ते जाहीर माहितीतून घेतलंय. चाक, मोटर, बॅटरी आणि मुलांच्या टीमबद्दल जे आहे ते स्वतः पाहिलेलं आहे.

तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सामान कुठलं वापरायचं हा तुमच्यापुढचा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तुमच्या कॉलेजात दर बॅच नवा रोव्हर बांधते, स्पर्धा झाली की तो खोलीत जातो, बांधणारे पास होऊन पुण्याला जातात आणि त्यांच्यासोबत सगळी माहितीही जाते. त्या खोलीत ॲल्युमिनियम आहे, तांबं आहे, लिथियम सेल आहेत, मोटरी आहेत, आणि वीस पोरांची वर्षभराची मेहनत आहे. हे सगळं दर दोन वर्षांनी भंगारात जात असेल, तर नव्या रोव्हरला केळीचा धागा लावून हिशेब जुळत नाही. म्हणून मी प्रश्न असा वाचतो: या रोव्हरने किती वर्षं जगावं, आणि तेवढं आयुष्य त्याला कमीत कमी सामानात कसं द्यायचं?

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. सगळ्यात आधी नियमपुस्तिका. अमेरिकेत यूटाच्या वाळवंटात २००७ पासून मार्स सोसायटी जी विद्यापीठ-रोव्हर स्पर्धा घेते, तिथे एका फेरीसाठी रोव्हर जास्तीत जास्त ५० किलोचा चालतो आणि सगळे सुटे भाग धरून ७० किलो. इस्रोच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने मुलांसाठी जी रोबोटिक्स स्पर्धा सुरू केली, तिथे एका वर्षी जमिनीवर चालणारा रोबो मागितला आणि पुढच्या वर्षी जीपीएसशिवाय उडणारा ड्रोन. तुमच्या स्पर्धेत वजनाची मर्यादा काय, बॅटरीचे नियम काय, शाश्वततेचे गुण कशाला, हे मला माहीत नसताना मी छातीठोक सांगू शकत नाही. दुसरं, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंग चालू स्थितीत आहे का. तिसरं, टीममध्ये दुसऱ्या वर्षाची मुलं आहेत का. या तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर पुढचं वाचण्याआधी चार जण घ्या.

आता वर, खऱ्या चंद्रावर आणि मंगळावर काय घडतं ते पाहू. तिथे आयुष्य आधी ठरवलेलं असतं. चांद्रयान-३ चा रोव्हर प्रज्ञान २६ किलोचा होता, त्याचं पॅनल ५० वॉटचं. एका चांद्र दिवसापुरता, म्हणजे आपल्या साधारण १४ दिवसांपुरता तो बांधला होता. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला, प्रज्ञान सुमारे १०० मीटर फिरला, मोजमापं पाठवली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला झोपवलं. नंतर तो जागा झाला नाही. हे अपयश मानणारे लोक मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं. चंद्राच्या रात्रीत टिकायचं तर उष्णता देणारी सोय लागते, तिचं वजन लागतं, त्यासाठी आणखी इंधन लागतं. १४ दिवसांचं काम हवं होतं, १४ दिवसांचं यंत्र पाठवलं. काटकसर याला म्हणतात.

उलट बाजूला ऑपॉर्च्युनिटी. मंगळाच्या ९० दिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर जानेवारी २००४ ते जून २०१८ चालला आणि ४५ किलोमीटरहून जास्त अंतर गेला. त्याचा जुळा स्पिरिट. २००६ मध्ये त्याचं पुढचं उजवं चाक बंद पडलं. टीमने त्याला उलटा चालवायला घेतलं, मेलेलं चाक ओढत. त्या ओढलेल्या चाकाने जमिनीत चर पडला आणि २००७ मध्ये त्या चरात पांढरी, जवळजवळ शुद्ध सिलिका दिसली. तिथे कधीकाळी गरम पाणी किंवा वाफ होती याचा तो भक्कम पुरावा ठरला. हे शक्य झालं कारण सहा चाकांच्या रॉकर-बोगी रचनेत (चाकं हलत्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात) एक चाक गेलं तरी बाकीची पाच यंत्र पुढे नेतात. एक भाग मेला म्हणून सगळं मरू नये, ही सोय कागदावर असतानाच केलेली होती.

क्युरिऑसिटी या नासाच्या नंतरच्या मंगळ-रोव्हरचं उदाहरणही मुलांना मी आवर्जून सांगतो. त्याच्या चाकांचा ॲल्युमिनियमचा पत्रा फक्त ०.७५ मिलिमीटर जाड. २०१३ मध्ये टोकदार, जमिनीत घट्ट रुतलेल्या खडकांनी त्याला भोकं पडायला लागली. तिथे जाऊन चाक बदलणं शक्य नाही. मग नासाच्या टीमने रस्ते बदलले, चाकांचे फोटो नियमित काढायला लागले आणि २०१७ मध्ये नवं सॉफ्टवेअर पाठवलं, ज्यात खडकावर चढणाऱ्या चाकाचा वेग वेगळा ठेवून पत्र्यावरचा ताण कमी केला. पुढच्या पर्सिव्हरन्सला जाड पत्र्याची चाकं आणि २४ ऐवजी ४८ आडव्या, किंचित वळलेल्या पट्ट्या दिल्या. आधीच्याच्या जखमा नोंदवल्या होत्या म्हणून पुढच्याचं चाक सुधारलं. तुमच्या स्टोअररूममधल्या रोव्हरचं नेमकं काय तुटलं, हे कोणी लिहून ठेवलंय का?

आता सोलर पॅनल. इथे थोडा हिशेब करू, कारण यात मुलं हटकून फसतात.

समजा रोव्हर ४० किलोचा आहे. मऊ वाळूत चाकं रुततात, तिथे रोध वजनाच्या पाव हिस्सा धरू. म्हणजे साधारण १०० न्यूटन बल लागेल. १०० मीटर जायला १०,००० ज्यूल, म्हणजे पावणेतीन वॉट-तास. हे फक्त चाकाशी. मोटर आणि गिअरबॉक्स मिळून कार्यक्षमता ४० टक्के असेल, तर बॅटरीतून सुमारे सात वॉट-तास जातील. अर्ध्या तासाच्या फेरीत एक किलोमीटर फिरलात तर ७०, आणि कॅमेरे, रेडिओ, संगणकाचे आणखी १५-२०.

पॅनल अर्धा चौरस मीटरचं, २० टक्के कार्यक्षमतेचं धरा. कागदावर १०० वॉट. पण ते कागद २५ अंश तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर, पॅनल ६५-७० पर्यंत जातं, आणि दर अंशामागे साधारण ०.४ टक्के वीज घटते. वर धूळ, आडवं बसवल्याने चुकलेला कोन, रोबोटिक हाताची आणि कॅमेऱ्याच्या खांबाची सावली. हातात ६०-६५ वॉट आले तर नशीब. अर्ध्या तासात ३२ वॉट-तास. काचेचं असं पॅनल ॲल्युमिनियमच्या चौकटीसकट सात-आठ किलो भरतं. म्हणजे रोव्हर वीस टक्के जड झाला आणि चाकांचा खर्च १४ वॉट-तासांनी वाढला. निव्वळ कमाई १८ वॉट-तास. एवढी ऊर्जा दोन साध्या १८६५० सेलमध्ये (बोटाएवढ्या लिथियम सेलमध्ये) मावते, ज्यांचं वजन दोन्ही मिळून १०० ग्रॅमच्या आत आहे.

मग प्रज्ञानला पॅनल का? कारण त्याला घाई नव्हती. तो सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा, थांबायचा, मोजायचा, परत थांबायचा. सूर्यावर चालणारं यंत्र धीराचं असावं लागतं. तुमची फेरी मिनिटांची आहे. मंगळावर तर ऊन पृथ्वीच्या ४३ टक्केच पोहोचतं, आणि धुळीचा त्रास वेगळाच. इनसाइट यानाच्या पॅनलवर इतकी धूळ बसली की २०२१ मध्ये त्याच्या टीमने यानाच्या हाताने वाळू उचलून पॅनलजवळ सोडली. वाऱ्याने ते जाड कण पॅनलवर घरंगळले आणि बारीक धूळ सोबत घेऊन गेले. दिवसाला सुमारे ३० वॉट-तास जास्त मिळायला लागले. तरी डिसेंबर २०२२ मध्ये वीज अपुरी पडून ती मोहीम संपलीच.

तुम्हाला सूर्याची वीज वापरायचीच असेल, आणि वापरावी असं माझं मत आहे, तर पॅनल वर्कशॉपच्या छतावर टाका आणि बॅटऱ्या तिथे चार्ज करा. साक्रीजवळ शिवाजीनगरला महाजेनकोचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ पासून चालू आहे, ऊन काय देऊ शकतं हे आपल्या भागाला सांगायला नको. अहवालात मग 'रोव्हरवर पॅनल' ऐवजी 'दर १०० मीटरला किती वॉट-तास' हा आकडा द्या. वाळूत, मुरमावर, चढावर, वेगवेगळा मोजलेला. करंट सेन्सर दोन-तीनशे रुपयांत येतो. गिअरबॉक्स बदलून कार्यक्षमता ४० वरून ६० टक्क्यांवर नेली, तर त्याच वाळूत सातचे साडेचार होतात. परीक्षक इंजिनीअर असेल तर या एका तक्त्यापुढे त्याला पॅनलची आठवणही होणार नाही.

इथे भंगारातल्या वायपर मोटरीचा विषय निघतोच. भुसावळ-जळगावच्या भंगार बाजारात त्या स्वस्त मिळतात, मजबूत असतात, आणि वर्म गिअर असल्याने उतारावर रोव्हर आपोआप थांबून राहतो. पण तोच वर्म गिअर ऊर्जा खातो. सरावाच्या गाडीला वायपर मोटर उत्तम. स्पर्धेच्या रोव्हरला ऊर्जा कमी खाणाऱ्या प्लॅनेटरी गिअरची मोटर घ्या आणि ती पुढच्या तीन बॅचनी वापरायची आहे असं समजून घ्या. पैसे कमी असतील तर चार चांगल्या मोटरी घेऊन चार चाकांचा रोव्हर करा. सहा स्वस्त मोटरींपेक्षा तो जास्त जगेल.

केळीच्या धाग्याबद्दल मला मनापासून आस्था आहे. रावेर-यावलच्या बांधावर घड कापल्यावर पडलेले खांब मी लहानपणापासून बघतोय. त्यातून धागा काढणं, त्याला बाजार मिळवून देणं हे मोठं काम आहे आणि ते व्हायला हवं. पण रोव्हरच्या सांगाड्याला तो घालू नका. धाग्याची ताकद झाडागणिक बदलते. तो हवेतला ओलावा पितो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याची प्रक्रिया नीट केली नाही तर राळ त्याला धरत नाही आणि थर सुटतात. आणि मुख्य अडचण अशी की धागा इपॉक्सी राळेत बुडवला, की जे तयार होतं ते कुजतही नाही आणि वितळतही नाही. ते जमिनीत पुरलं तरी तिथेच, भंगारवाल्याला दिलं तरी तो घेत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी तुटली तर भंगारवाला किलोवर पैसे देतो आणि ती परत वितळते. दोन्हींत टिकाऊ विचार कुठला, तुम्हीच ठरवा.

खऱ्या यानासाठी म्हणाल तर तिथे सामानाची वेगळीच परीक्षा असते. निर्वातात १२५ अंशांवर २४ तास ठेवायचं. वस्तुमानातली घट एक टक्क्याच्या आत हवी, आणि निघालेल्या वाफेतलं जे थंड पृष्ठभागावर चिकटतं ते ०.१ टक्क्याच्या आत. कारण ती वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसते. ओलावा धरणाऱ्या नैसर्गिक धाग्याला ही परीक्षा जड जाते.

तरी धागा वापरायचाच असेल तर रस्ता आहे. इपॉक्सीऐवजी पॉलिप्रोपिलीन घ्या. जळगावच्या चटई उद्योगात ते मुबलक आहे, पुनर्वापराचंही मिळतं. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं, धागा साधारण २०० अंशांपर्यंत जळत नाही, त्यामुळे १८० च्या आसपास साच्यात दाबून तक्ता करता येतो आणि तो पुन्हा वितळवताही येतो. त्याची झाकणं करा, नमुन्यांच्या पेटीचा बाहेरचा भाग करा, रोव्हर वाहून न्यायची पेटी करा. भार घेणाऱ्या जागी नको. तक्त्याचे तुकडे ओढून, वाकवून, पाण्यात भिजवून मोजलेत तर ते स्वतंत्र प्रोजेक्ट होईल, आणि मला तरी तो रोव्हरपेक्षा कमी महत्त्वाचा वाटणार नाही.

पीएलएचं थोडक्यात सांगतो. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात दुपारी उन्हात ठेवलेला काळा भाग तेवढा सहज तापतो. मोटरचा ब्रॅकेट वाकतो, गिअर सुटतात, मग तो भाग फेकून दुसरा छापायचा, तिसरा छापायचा. कंपोस्ट होतं म्हणतात ते औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पाच्या तापमानाला, आपल्या उकिरड्यावर नाही. उन्हात जाणाऱ्या भागाला पीईटीजी किंवा एएसए ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं वापरा. पीएलए फक्त माप जुळतंय का बघायला.

चाकांसाठी मात्र आपल्या गावासारखं गाव नाही. इथे पाइप बनतात. एचडीपीई (कडक पॉलिथिन) पाइपचे कापून उरलेले तुकडे कारखान्यांत पडलेले असतात. २५० मिलिमीटर व्यासाचा, जाड भिंतीचा तुकडा म्हणजे तयार चाक. काळा असतो कारण त्यात कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, त्यामुळे उन्हाने तडकत नाही. दगडावर आपटला तर किंचित दबतो आणि परत येतो. त्याला जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या पट्ट्या बोल्टने लावा, रिव्हेट नको, म्हणजे पट्टी झिजली की बदलता येते. मधला हब तेवढा ॲल्युमिनियमचा, लेथवर केलेला. चाक फुटलं तर दुसरा तुकडा कापा, फुटलेला परत पाइपवाल्याला द्या, तो वितळवतो. ही रचना मी बऱ्याच टीमना दिली आहे, आणि सीनियरांची चाकं जूनियरांनी वापरलेली पाहिली आहेत. खानदेशाचं काय, असं तुम्ही विचारलंत, त्यातलं पहिलं उत्तर हे.

बॅटरीबद्दल मी कडक आहे. सरावासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. जड असते, पण चार्ज-डिस्चार्जच्या हजारांत सायकल देते आणि उष्णता बरी सोसते. लिपो (लिथियम पॉलिमर) हलकी, पण काही शे सायकलमध्ये थकते. ती पूर्ण चार्ज करून पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्याची सुट्टीभर ठेवली तर फुगणारच. ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टला आणा, थंड खोलीत ठेवा, प्रत्येक पॅकवर खरेदीची तारीख आणि अंतर्गत रोध लिहा. खराब झालेले सेल कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांनुसार ते बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांचा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडेच जायला हवेत. तुमच्या स्टोअररूममधल्या रोव्हरची बॅटरी आजच बाहेर काढा आणि वाळूच्या बादलीत ठेवा. हे मी काळजीने सांगतोय.

एक बाजू मुलांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे ग्रह घाण न करणं. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात परग्रहांचं घातक प्रदूषण टाळायची जबाबदारी देशांवर टाकली आहे, आणि भारत त्या करारात आहे. त्यावर कोस्पार ही आंतरराष्ट्रीय समिती मर्यादा ठरवते: मंगळावर उतरणाऱ्या साध्या यानाच्या पृष्ठभागावर मिळून तीन लाखांपेक्षा जास्त जिवाणू-बीजाणू नकोत. तुमच्या रोव्हरशी याचा संबंध काय? विज्ञान फेरीत तुम्ही माती उचलून जीवसृष्टीची खूण शोधाल. बऱ्याच टीम निनहायड्रिन नावाचं रसायन वापरतात, अमिनो आम्ल असेल तर ते जांभळं होतं. पोलीस याच रसायनाने कागदावरचे बोटांचे ठसे काढतात. म्हणजे ज्याने हातमोजा न घालता खोरं पुसलं, त्याच्याच घामाने तुमची नळी जांभळी होणार आणि तुम्ही 'जीवन सापडलं' असं परीक्षकांना सांगणार. म्हणून खोरं धुवा, हातमोजे घाला, आणि प्रत्येक वेळी एका नळीत भट्टीत भाजलेली माती ठेवा. तीही जांभळी झाली तर दोष तुमचा आहे. उरलेली रसायनं नाल्यात ओतायची नाहीत, बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत न्यायची. अहवालात हा एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहिलात तर शाश्वततेचं निम्मं काम होईल.

इथपर्यंतचं थोडक्यात: पॅनल छतावर, रोव्हरवर नको. धागा झाकणाला, सांगाड्याला नको. चाकं पाइपची. ऊर्जा मीटरमागे मोजलेली. बॅटरीची नोंद ठेवलेली. आता मूळ मुद्दा, म्हणजे पुढच्या बॅचचा.

मंगळावर दुरुस्ती करायला कोणी नसतं, म्हणून तिथलं यंत्र न तुटेल असं करावं लागतं, आणि त्यासाठी अफाट पैसा लागतो. तुमच्याकडे पैसा नाही पण हात आहेत. म्हणून तुमचं यंत्र झटक्यात दुरुस्त होईल असं करा. सगळीकडे दोनच मापांचे बोल्ट, एम-४ आणि एम-५, म्हणजे दोन एलन की खिशात पुरतात. प्रत्येक मोटरला एकाच जातीचा कनेक्टर, मैदानावर सोल्डरिंग करावं लागू नये. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर. वायरिंगचा नकाशा लॅमिनेट करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. एक चाक मोटरसकट पाच मिनिटांत बदलता आलं पाहिजे, आणि ते दुसऱ्या वर्षाच्या मुलाने, नकाशा बघून, कोणाला न विचारता. ही परीक्षा खरोखर घ्या, घड्याळ लावून. तो अडला तर चूक त्याची नाही, नकाशाची.

आणि एक वही. कागदाची. प्रोग्रॅम ऑनलाइन ठेवा, पण काय तुटलं, कधी, कुठल्या जमिनीवर, काय करून पाहिलं, हे मराठीत वहीत लिहा. ज्याला जसं सुचतं तसं. सफाईदार इंग्रजी अहवालात तुटलेल्या गोष्टी येत नाहीत असा माझा अनुभव आहे. स्पर्धेनंतर दोन महिने ती वही आणि रोव्हर घेऊन सीनियरांनी जूनियरांसोबत बसायचं, हा टीमचा नियम करा. कॉलेजने हे प्रोजेक्टच्या गुणांत धरलं तर फारच चांगलं. तुमचे सर तयार होतील का ते मला माहीत नाही, पण विचारायला हवं.

खानदेशाचं दुसरं उत्तर पायाखाली आहे. मंगळाचं कवच मुख्यतः बेसाल्टचं आहे आणि आपण दख्खनच्या बेसाल्टवर बसलोय. धुळे-नंदुरबारकडे उभ्या भेगांत लाव्हा गोठून झालेल्या डाइकच्या भिंती मैलोन्मैल दिसतात. सावद्याच्या परिसरातल्या खाणींतली झिओलाइट खनिजं जगभरचे संग्राहक ओळखतात. क्युरिऑसिटीला मंगळावरच्या 'गेल' विवराच्या चिखलदगडात जी फुगणारी चिकणमाती सापडली, त्याच कुळातली आपली काळी माती. तापीकाठच्या घळी पाहिल्यात तर यूटाची वाट धरायची गरज वाटणार नाही. सरावाला हैदराबाद-बंगळुरूला जाऊ नका. मार्चमध्ये घळीत जा, एप्रिलमध्ये गिरणेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूत, आणि पहिल्या पावसानंतर एकदा काळ्या रानात मुद्दाम जा. तिथे चाकाच्या पट्ट्यांत माती भरून चाक गुळगुळीत कसं होतं ते बघा. पट्ट्यांमधलं अंतर किती हवं, हे त्या एका दिवसात कळतं. शेतमालकाला विचारून जा, पिकात चाक घालू नका, आणि यावल अभयारण्याच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवू नका.

पुढे काय, असंही कोणाच्या मनात असेल. पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा उपग्रह सोडल्यावर एरवी कचरा होऊन फिरत राहिला असता. इस्रोने त्यालाच प्रयोगांचं व्यासपीठ केलं, पोएम नावाचं. ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणानंतर त्यावरच्या पेटीत चवळीचं बी उगवलं. तिथे विद्यार्थ्यांनी बांधलेली उपकरणंही गेली आहेत, इन-स्पेस या सरकारी संस्थेच्या मार्फत अर्ज करता येतो. त्यासाठी तुमच्याकडे मोजमापांच्या नोंदी आणि दोन-तीन बॅच टिकलेली टीम असावी लागते. एका वर्षात उभा राहिलेला चकचकीत रोव्हर तिथे कामाला येत नाही.

तर या आठवड्यात नवं काही विकत घेऊ नका. जुना रोव्हर बाहेर काढा, पूर्ण खोला, प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवा, आणि वहीत तीन रकाने करा: चालतो, दुरुस्त होईल, गेला. प्रत्येक मोटरला बारा व्होल्ट देऊन बिनभाराचा करंट लिहा. ज्या सीनियरांनी तो बांधला त्यांना फोन करा आणि काय तुटलं ते विचारा, ते आनंदाने सांगतील. ती यादी आणि तुमची नियमपुस्तिका इथे टाका, मग मोटर नवी घ्यायची की जुनीच चालेल ते आकडे बघून सांगतो.